दशमीचा समुद्र

सुट्टीच्या दिवशी मुंबईची माणसं सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला उतरायची ती हवा खायला. पांढरे बूट, वेताच्या टोपल्या, गळ्यात थर्मास. स्टेशनाबाहेर आली की टांग्यात बसायच्या आधी छाती फुगवून एक मोठा श्वास घ्यायची. "काय हवा आहे!" असं एकजण म्हणायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. आमचं घर स्टेशनाला लागून, रेल्वेच्या चाळीत. ओट्यावर बसून मी तो श्वास घेण्याचा सोहळा पाहायचे आणि मला हसू यायचं. ती हवा आम्ही बारा महिने फुकट खात होतो, आणि त्याच हवेत माझी आई क्षयानं झिजत चालली होती.

डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. आबा, म्हणजे माझे वडील, हात जोडून म्हणाले, "सायेब, हवा पालटाया लोकं हितं येत्यात. आमी कुटं जायाचं?" डॉक्टर भले होते. त्यांनी बाटलीत लाल औषध भरून दिलं आणि अंडी, दूध द्या म्हणून सांगितलं. दोन्ही दिलं. आईच्या अंगाला त्यातलं काही लागलं नाही.

घाटात विजेची इंजिनं नवी नवी आली होती, त्या काळातली ही गोष्ट. आबा लोणावळ्याच्या यार्डात पॉईंटमन होते. कुठली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची तो खटका ओढायचं काम. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं, पण अंगात होतं. जेवता जेवता मान वर करून म्हणायचे, "मेल खंडाळ्याला आली," आणि थोड्या वेळानं शिट्टी ऐकू यायचीच. गाडी वेळेवर येते, वेळेवर जाते, माणसानं आपल्या जागेवर उभं राहावं, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, आणि हट्टी इतका की बैल परवडला.

आईनं अंथरूण धरलं तेव्हा परंदवडीहून आत्या आली. आबांची थोरली बहीण, तरुणपणीच कपाळ पांढरं झालेली. आल्या दिवशी तिनं चूल ताब्यात घेतली, दुसऱ्या दिवशी घर आणि तिसऱ्या दिवशी आबा. ती वाईट नव्हती. आईचं थुंकीचं भांडं तीच उचलायची, तीच राखेनं घासायची, आणि तोंडातून ब्र काढायची नाही. पण दिवस चांगला कुठला, वाईट कुठला, कुठल्या वारी नखं काढायची आणि कुठल्या वारी माहेरवाशीण वाटेला लावायची, हे तिच्याकडून ऐकून घ्यावं लागे. तिच्यापुढे आबांचं चालत नसे, मग आमची काय कथा.

आईचं माहेर समुद्राकाठचं, अलिबागेच्या खालच्या अंगाला. आबा आधी कर्जतच्या यार्डात होते, तिथं आईचा भाऊ त्यांच्याबरोबर कामाला होता. त्यानं ही सोयरीक जमवली आणि समुद्राकाठची पोर घाटावर आली. पुढं तिचे वडील गेले, मग आई गेली, मग तो भाऊही गेला. त्या बाजूला आगगाडी नाही. बोटीनं जावं तर उतरून कुणाच्या दारात उभं राहायचं? माहेर असं एकेक करून मिटत गेलं. बोली पार मावळची झाली. शेवटी आत्या आल्यावर मासळीही सुटली, कारण तिला वास चालत नसे. एक गोष्ट मात्र तिनं कधी सोडली नाही. लोणावळ्याच्या पावसाला ती पाणी म्हणायची नाही. चार चार दिवस छप्पर बडवणारा आमचा पाऊस, आणि ही म्हणायची, "ह्ये वरून पडतंय. पानी म्हंजे समोरनं येतं त्ये."

समोरनं येतं म्हणजे काय, ते मला कळत नसे. मी पाणी पाहिलं होतं ते इंद्रायणीचं आणि तळ्यांचं.

चैत्रात कार्ल्याच्या देवीला मुंबईकडचे कोळी येतात. ते बहुतेक मळवलीला उतरायचे, पण काही लोणावळ्यालाच उतरून चालत पुढं जायचे. त्या वर्षी चार-पाच बाया आमच्या ओट्यावर पाणी मागायला आल्या. अंगावर सोनं, केसांत अबोलीचे गजरे, कडक आवाज. आई आत बाजेवर पडली होती. आवाज ऐकून ती उठली, भिंत धरत दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावर बसली. आत्यानं मला डोळ्यानं खुणावलं, पण आईला आवरणार कोण?

"बायांनो, पानी कसं हाय?" तिनं विचारलं.

त्यातली एक वयस्क बाई हसली. "पानी हाय तसाच हाय, बाय. त्याला काय होतंय? तू कुठची?"

आईनं गावाचं नाव सांगितलं. मग दोघी कितीतरी वेळ बोलल्या. कुठली खाडी, कुठला दगड, कुठल्या महिन्यात वारा कुठून. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. बाई निघताना आईच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडणार होती, पण तेवढ्यात आईला खोकल्याची उबळ आली. पदराला लागलेलं लाल त्या बाईनं पाहिलं आणि तिचा हात हवेतच राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी आबा कामावरून आल्यावर आई सरळ म्हणाली, "मला एकदा भरल्यालं पानी बगायचंय. काठाला बसून पाय भिजवायचं. मंग काय व्हायचं ते होऊंद्या."

आबांनी पायातल्या वहाणा काढल्या, हातपाय धुतले, पुसले. मग म्हणाले, "जाऊ." एवढंच. मला वाटतं बायकोनं लग्नानंतर त्यांच्याकडे मागितलेली ती पहिलीच गोष्ट असावी. ती बरी होणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यामुळेच कुणी नाही म्हणालं नाही. आबांना रेल्वेचा पास मिळायचा. एक दिवसाचा बदली माणूस मिळाला की सकाळी निघून रात्रीच्या पाळीला परत. अडलं ते एकाच गोष्टीवर, दिवस कुठला धरायचा.

त्या पुनवेला आईचा ताप एवढा चढला की ती आम्हाला ओळखेना. आत्या म्हणाली, "आवस-पुनव दुकनेकऱ्याला जड जाते. म्या सांगत न्हवते?" ताप उतरल्यावर आई म्हणाली, "येत्या आवसंला जाऊ."

घरात कुणी शिवी दिली असती तरी आत्या एवढी दचकली नसती. आमच्याकडे अवसेला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, नव्या कामाला हात घालत नाहीत, गाव सोडत नाहीत. आणि ही अंगात ताप घेऊन गाव सोडायला निघाली होती.

"आवसंला? दुकनं घिऊन? बये, तुज्या तरी जिवाला कायी वाटतं का न्हाई?"

"वन्सं, आवसंला नायतर पुनवंलाच दुपारचं पानी भरल्यालं असतं," आई म्हणाली. "बाकीच्या दिवशी न्हाई."

"बाकीच्या दिवशी कुटं जातं?"

"मागं जातं. दर दिशी येळ सरकतीया. दशमीला दुपारी गेलात तर नुस्ता चिखल दिसंल."

आत्यानं आबांकडे पाहिलं. आबा ओठ दाबून हसत होते. "अगं, समुद्र म्हंजे काय गाडी हाय का? त्याला टाइम-टेबल असतं व्हय?" असं ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर मनसोक्त हसले. कितीतरी दिवसांनी घरात कुणी हसलं होतं, म्हणून मीही हसले. आत्या पदर तोंडाला लावून म्हणाली, "तापात बरळतीया ती."

एकदा सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची आईला सवयच नव्हती. तिनं कूस बदलली आणि भिंतीच्या पोपड्यांकडे पाहत राहिली. आत्यानं वैशाख शुद्ध दशमी काढली. दिवस शुभ, वार चांगला, बदली माणूसही तयार.

दशमीला आम्ही अंधार असतानाच निघालो. आत्यानं भाकरी, लसणाची चटणी आणि कांदे बांधून दिले, आईच्या हातावर दही ठेवलं आणि तिच्या पदराच्या टोकाला अंगाऱ्याची पुडी बांधली. आबांनी आईला फलाटापर्यंत हाताला धरून चालवत नेलं. ओळखीच्या गार्डानं खिडकीजवळची जागा धरून ठेवली होती. आईनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. ते आता तिच्या अंगावर दोनदा गुंडाळावं लागत होतं, तरी त्या दिवशी ती मला सुंदर वाटली, आणि खरंच होती.

घाट उतरताना तिनं खिडकी सोडली नाही. बोगदा आला की ती डोळे मिटायची, उजेड आला की उघडायची. "ह्याच घाटानं वर आलते," ती मला म्हणाली. "तवा वाटलं, आता चढलोच हाय तर उतरू कदीतरी." कर्जतला तिनं भावाचं यार्ड बोटानं दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता, आणि मी खुळी, ती बरी होतेय असं मला वाटू लागलं. कल्याणच्या पुढं डबा भरला आणि तिला खोकला सुरू झाला. समोर एक कुटुंब बसलं होतं. बाईनं आपल्या लेकराचं तोंड पदरात झाकलं. नवऱ्यानं दुसरीकडे पाहत, "इथं ऊन येतंय," म्हणत बिऱ्हाड हलवलं. तिथं ऊन नव्हतं. आबांनी आमची गाठोडी त्या रिकाम्या बाकावर पसरून ठेवली, म्हणजे जागा आमच्यासाठीच मोकळी केलीय असं वाटावं.

आम्ही दादरला उतरलो. आबांच्या यार्डातल्या कुणीतरी तिथून समुद्र जवळ पडतो असं सांगितलं होतं. पुलाच्या पायऱ्या आईला चढवेनात. आबांनी तिला उचललं. लोक वळून पाहत होते आणि आई त्यांच्या खांद्यात तोंड लपवून, "सोडा, सोडा, लोकं बगत्यात," म्हणत होती. बाहेर घोडागाडी ठरवली. "दर्यावर ने," आबा म्हणाले. गाडीवाला म्हातारा होता. त्यानं आईकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता तिकडं काय बघणार? पाणी उतरलं असेल." आबा नुसतं म्हणाले, "चल तू."

आईला वास आधी आला. रस्त्यात घरांशिवाय काही दिसत नव्हतं, तोच तिनं मान ताठ केली आणि नाकपुड्या फुलवल्या. "आलं," ती म्हणाली. माझा हात तिनं इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. मग माड दिसले, वाळू दिसली, वाळूत कलंडलेली एक होडी दिसली. गाडी थांबली. आम्ही उतरलो, आणि समोर समुद्र नव्हता.

काळपट करडा चिखल होता. त्यात जागोजागी शेवाळलेले खडक वर आलेले, मध्ये मध्ये डबकी, त्यांच्या कडेनं बायका वाकून काहीतरी वेचत होत्या. दोन-चार शेतं ओलांडावीत एवढ्या अंतरावर एक चकचकीत पट्टी दिसत होती.

"समुद्र कुठाय?" मी विचारलं.

आईनं त्या पट्टीकडे बोट केलं.

आबा कमरेवर हात ठेवून उभे होते. रिकाम्या रुळाकडे पाहावं तसं ते त्या चिखलाकडे पाहत होते. मग म्हणाले, "कवा जातंय, कवा येतंय, कुनी सांगायचं तरी!"

"सांगितलं व्हतं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आबांनी धोतर खोचलं. "बस पाठीवर," ते म्हणाले.

"अवो, नगं."

"बस म्हनतोय ना!"

आमच्या मावळात डोंगरावरच्या वाड्यांतून दुखणाईत माणूस असंच पाठीवर घेऊन खाली आणतात. आबांनी स्वतःच्या आईला तसं आणलं होतं, पावसात, निसरड्या वाटेनं. डोंगर उतरणाऱ्याला ही सपाट जमीन काय अवघड, असं त्यांना वाटलं असणार. मी काठावर गाठोडी राखत बसले आणि ते दोघं निघाले. पहिली काही पावलं नीट गेली. मग आबांचा पाय पोटरीपर्यंत आत गेला. उपसून काढला, तर दुसरा गेला. चिखल टाळायला म्हणून ते खडकांवर चढले, तिथं शेवाळावरून घसरून गुडघ्यावर आले. आईला त्यांनी पडू दिलं नाही. पुन्हा उठले. वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून पाहू लागल्या, त्यातली एक हात हलवून ओरडली, "तिकडं नका जाऊ, रुताल!" आबा पुढं जातच राहिले. तेवढ्यात आईला उबळ आली. इतक्या लांबून मला तिची पाठ हलताना दिसली. ते थांबले. किती वेळ थांबले कोण जाणे. मग आबा वळले.

परत आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि खांद्यावर आईचं रक्त होतं. आईला त्यांनी होडीच्या सावलीत टेकवून बसवलं. मग गाठोड्यातला पितळी तांब्या घेतला. "पळत जातो आन् घिऊन येतो. हितं पाय भिजव."

"तांब्यातलं पानी बगाया आले का मी?" आई फणकारली. "तांब्या काय घरी न्हवता?"

आजारपणात एवढा आवाज तिनं पहिल्यांदाच चढवला. आबांनी तांब्या खाली ठेवला. मला आबांची दया यायला हवी होती. नाही आली. राग आला. आत्याचा आला, दशमीचा आला, आणि ज्या हसण्यात मीही सामील झाले होते त्या हसण्याचा सगळ्यात जास्त आला.

भाकरी सोडली, पण आईनं तुकडा मोडून नुसता हातात धरला. ऊन रणरणत होतं. आबा गुडघ्याला चिंधी बांधून आमच्यापासून जरा लांब जाऊन बसले. आईनं मला जवळ घेतलं आणि जवळचा एक खडक दाखवला. त्याच्या मध्यावर काळी ओली रेघ होती, तिच्याखाली शिंपल्यांचे खवले.

"त्या रेघंपतुर येतं," ती म्हणाली. "आपुन बसलोय ना, हितं पाय भिजत्यात. उधान असंल तर ह्यी व्हडी उचलून धरतं. आवाज करतं. पयल्यांदा ऐकलं तर वाटतं, आंगावर आलं. पर येत न्हाई. तितंच थांबतं, मागं जातं, परत येतं."

"दिवसभर?"

"दिवसभर. रातभर. आमी निजायचो तवा बी."

ती बोलत होती आणि मी तिनं सांगितलेलं ते पाणी त्या चिखलावर पाहायचा प्रयत्न करत होते. मला दिसेना. मी कधी पाहिलंच नव्हतं, तर दिसणार कुठून? तिला दिसत होतं की नाही, ते मी विचारलं नाही. तिचे डोळे तापानं चमकत होते.

दुपार कलायला लागली. आई एकदम म्हणाली, "फिरलं."

"काय?"

"पानी. फिरलं आता."

मला काहीच फरक दिसला नाही. ती चकचकीत पट्टी तिथंच होती. पण वेचणाऱ्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन काठाकडे निघाल्या होत्या, आणि थोड्या वेळानं लांबचा एक खडक, जो मघाशी चिखलात होता, त्याच्याभोवती पांढरं काहीतरी हललं. आई सरळ बसली. मग दुसऱ्या खडकाला पाणी लागलं. तिनं माझ्या खांद्याला धरून उठायचा प्रयत्न केला. "येतंय," ती म्हणाली. "सांजंला हितं असंल."

आबा उठून आले होते. त्यांनी समुद्राकडे पाहिलं आणि मग सूर्याकडे. त्यांच्या अंगातलं घड्याळ चालू होतं.

"निघाया पायजे," ते म्हणाले.

"जरा थांबू."

"गाडी चुकंल."

"फुडची धरू."

आबांनी मान हलवली. पुढची गाडी लोणावळ्याला पोचेपर्यंत त्यांची पाळी सुरू होऊन गेलेली असणार. बदली माणूस फक्त दिवसाचा होता. घाट चढून आलेल्या गाडीला रूळ द्यायला माणूस नसेल तर काय होतं, ते चाळीतल्या आम्हा पोरांनासुद्धा ठाऊक होतं. आईला तर नक्कीच. ती आबांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ती रडेल, भांडेल, वाळूत बसून राहील. मी मनातून तिला म्हणत होते, बस, हलू नकोस, बघू काय करतात ते. तिनं लुगड्याची वाळू झटकली आणि आबांच्या गळ्यात हात टाकला, त्यांनी उचलावं म्हणून.

आई त्याच आषाढात गेली. पुढं मी शिकले, शाळेत शिकवायला लागले, पॉईंटमन कामावर गेला नाही तर डब्यातल्या माणसांचं काय होईल हे मुलांना समजावून सांगण्याइतकी शहाणी झाले. आबांचं बरोबर होतं. पण ते कळतं, वळत नाही. पाणी येत होतं आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून निघालो, एवढंच माझ्या मनात राहिलं आहे. घोडागाडीतून मी मागं वळून पाहिलं तेव्हा अर्धा चिखल झाकला गेला होता.

गाडीत आईला हुडहुडी भरली. आबांनी आपला कोट तिच्या अंगावर घातला, गाठोडी सोडून होतं ते सगळं पांघरलं. ती खिडकीशी डोकं टेकून डोळे मिटून बसली. डब्यात गर्दी होती, पण आमच्या बाकावर कुणी आलं नाही. ठाणं गेलं. पारसिकचा लांबलचक बोगदा आला, अंधारात तिच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. बोगदा संपला, उजेड आला, आणि आबा ताडकन उभे राहिले.

रुळाच्या जवळच पाणी होतं. खाडी. सकाळी जाताना आम्ही तिच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. आता ती रुंद पसरली होती, आणि पाणी वाहत होतं ते उलट, समुद्राकडून आत. किनाऱ्यावरची झुडपं बुडत होती. शिडाचे दोन पडाव त्या पाण्याबरोबर वर चालले होते आणि उतरत्या उन्हात सगळं लखलखत होतं.

"अगं, बग!" आबांनी तिला खांद्याला धरून हलवलं. "ऊठ, बग. पानी! भरतंय! तू म्हनली तसंच, समोरनं येतंय बग!"

त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. ते लहान पोरासारखे हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डब्यातले लोक वळून पाहायला लागले. त्यांनी आईच्या पाठीमागे हात घालून तिला उचलून खिडकीशी धरलं, तिचं तोंड पाण्याकडे केलं.

आईनं डोळे उघडले. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, पाण्याकडे नाही. सकाळी घाटात तिच्या चेहऱ्यावर जे होतं, होडीच्या सावलीत खडक दाखवताना जे होतं, त्यातलं काहीएक तिथं नव्हतं. तिनं पाण्याकडे पाहिलं, जसं ती भिंतीकडे पाहायची.

"गार वारं लागतंय," ती म्हणाली. "खिडकी लावा."

"अगं, खाडीचं असलं तरी समुद्राचंच हाय. आतापतुर थांबलीस, आता एकडाव नीट बगून तरी घे."

"बगितलं. लावा आता."

आबा तसेच थांबले. तिनं पुन्हा डोळे मिटून घेतले. मग त्यांनी तिला हळूच मागं टेकवलं, कोट गळ्यापर्यंत ओढला आणि खिडकीची लाकडी झडप खाली घेतली. फटीतून मला पाणी दिसत होतं. ते बराच वेळ आमच्या बरोबरीनं येत राहिलं. झडप सैल होती, सारखी वर सरकत होती, म्हणून कल्याण येईपर्यंत आबा ती हातानं दाबून धरून उभे होते.